पाव सूत

इंजिनाच्या हेडवरून धातूचा किती थर उतरवला, हे लालबागचे मिस्त्री सुतात मोजत. एका इंचाचे आठ सूत. पाव सूत म्हणजे इंचाचा बत्तिसावा भाग, मिलिमीटरहूनही कमी. एवढ्याशा मापाचे मी काय केले, ते मला क्रमाने लिहून काढायचे आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरीवर थांबता येणे शक्य होते.

गाडी माझ्या काकांची. काका म्हणजे वडिलांचे धाकटे बंधू; त्यांचा दवाखाना गिरगावात, आमच्या घरापासून तीन इमारती सोडून. लढाई संपल्यानंतर लवकरच आलेली एक छोटी विलायती गाडी त्यांनी जुनी म्हणून घेतली होती. शहरात ती नीट चाले. मात्र काका आणि त्यांचे तीन डॉक्टर मित्र सुट्टीच्या दिवशी खंडाळ्याला जेवायला जात, तेव्हा बोरघाटात बाकीच्या तीन गाड्या पुढे निघून जात आणि काकांची गाडी वळणावर झाकण उघडून वाफा सोडत उभी राही. मित्रांनी तिचे नाव ‘पेशंट’ ठेवले होते. घाट उतरताना ते हमखास विचारत, ‘काय डॉक्टर, पेशंटला आज घरी सोडणार की ठेवून घेणार?’

काकांनी अखेर गाडीचे इंजिन सुधारून घ्यायचे ठरवले. चारही डॉक्टरांच्या गाड्या लालबागच्या एकाच मिस्त्रींकडे असत. हे मिस्त्री मूळचे मालवणकडचे. गिरणीत फिटर म्हणून बारा वर्षे काढल्यावर त्यांनी एका चाळीच्या तळमजल्यावर स्वतःचे छोटे वर्कशॉप टाकले होते. समोर मसाला कुटण्याचे डंख चालत, त्यामुळे त्यांच्याकडून आलेल्या गाडीला दोन दिवस मिरचीचा वास येई. वर्कशॉपच्या फळीदारावर त्या वर्षांत सगळीकडे होते तसे, मराठी राज्य मागणारे ‘झालाच पाहिजे’ चुन्याने लिहिलेले होते. मिस्त्रींनी ते पुसले नव्हते. उलट, पावसात फिके झाले की ते स्वतः ब्रश घेऊन गिरवत.

मिस्त्रींचा उपाय सरळ होता. हेडची, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या धातूच्या टोपणाची, खालची बाजू घासून कमी करायची, म्हणजे सिलिंडरात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण अधिक दाबले जाते आणि त्याच पेट्रोलातून अधिक ताकद निघते. त्यात एक अडचण असते. मिश्रण फार दाबले, तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आघात होतो. पेट्रोल असा दाब कितपत सोसते, ते त्याच्या ऑक्टेनच्या आकड्यावरून कळते. पंपांवर त्या सुमारास दोन प्रकारचे पेट्रोल मिळू लागले होते. साधे सगळीकडे मिळे. वरच्या ऑक्टेनचे फोर्टातल्या मोजक्या पंपांवर. काकांना साधेच हवे होते. हरताळाच्या, संचारबंदीच्या दिवसांत त्यांना परवान्यावर रोग्यांकडे जावे लागे. जो पंप उघडा सापडेल तिथे टाकी भरावी लागे. तेव्हा प्रश्न असा होता: हेड इतके घासल्यावर साधे पेट्रोल चालेल का?

हा प्रश्न काकांनी मला विचारला. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण करत होते आणि ज्वलन हा माझा विषय होता. ‘आमच्या पंडिता सांगतील,’ ते मिस्त्रींना म्हणाले. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले आणि एका खोक्यावरचे फडके झटकून मला बसायला दिले.

इथपर्यंत सर्व ठीक होते. मी कॉलेजातून ब्युरेट, म्हणजे मापाच्या रेघा असलेली काचेची नळी, आणली. हेड उलटे ठेवून, वर काचेची पट्टी बसवून, पट्टीच्या भोकातून थेंबाथेंबाने पातळ तेल सोडले आणि प्रत्येक पोकळीचे आकारमान मोजले. मिस्त्री शेजारी उकिडवे बसून ब्युरेटवरच्या रेघा वाचायला शिकले. चौथी पोकळी त्यांनीच मोजली. माझ्या आणि त्यांच्या आकड्यात फरक निघाला नाही. उत्तर आले सात पूर्णांक चार. म्हणजे मिश्रण मूळच्या सात पूर्णांक चार भागांवरून एका भागावर दाबले जाणार. माझ्या आलेखाप्रमाणे साध्या पेट्रोलची मर्यादा साडेसात होती. चालेल, असे मी सांगितले. आलेख मी चांगल्या कागदावर काळ्या शाईने काढला. तो सुंदर झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

काकांचे एक रोगी एका पेट्रोल कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांना आम्ही घरात ‘साहेब’ म्हणत असू. त्या प्रयोगशाळेत तोपर्यंत एकही स्त्री नव्हती आणि मला तिथेच काम करायचे होते. कॉलेजात शिकवणे मला मान्य नव्हते; ते सर्वांना मान्य होते म्हणूनच कदाचित. काकांनी आलेख साहेबांना दाखवला. साहेबांनी तो ठेवून घेतला आणि निरोप पाठवला की गाडी तयार झाली की खंडाळ्याला मीही येतो, प्रत्यक्ष पाहू.

त्यानंतर आठवड्याभरात मी परळला एका मैत्रिणीकडे गेले होते, तिथून सहज मिस्त्रींकडे डोकावले. हेड अजून बसवायचे होते. मिस्त्री म्हणाले की बसवण्याआधी पट्टी लावून पाहिली तर हेड किंचित वाकलेले निघाले, म्हणून सरळ करण्यासाठी आणखी पाव सूत घ्यावे लागले.

‘ताई, ती काचेची नळी परत एकदा आणा,’ ते म्हणाले. ‘आता माप बदलला असतला.’

ब्युरेट आणण्याची गरजच नव्हती. पाव सुताने पोकळी किती कमी झाली, हे तिथे उभ्याउभ्या तोंडी काढता येत होते आणि मी ते काढले. उत्तर सात पूर्णांक आठ आले. मर्यादा साडेसात होती. म्हणजे साधे पेट्रोल चालणार नव्हते, माझा कागद चुकला होता, आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर होता.

मग मी गास्केटची, म्हणजे हेड आणि इंजिन यांच्यामध्ये बसणाऱ्या पातळ चकतीची, जाडी पुन्हा धरली. हेड आवळल्यावर गास्केट दबते. दबल्यानंतरची जाडी नेमकी किती धरायची, याला थोडा वाव असतो. मी ती असेल त्याहून जास्त धरली. सात पूर्णांक सहा झाले. सात पूर्णांक सहा म्हणजे जवळजवळ साडेसातच. हे सारे मनातल्या मनात मिनिटभरात उरकले. मी ते कागदावर उतरवले नाही, आणि याचे कारण मला तेव्हाही माहीत होते. मी शिकवत असते आणि एखादा विद्यार्थी असा आकडा ओढताना सापडला असता तर मी त्याला वर्गाबाहेर घालवले असते.

‘फारसा फरक पडत नाही,’ मी मिस्त्रींना सांगितले.

त्यांनी मान डोलावली, पण हातातली पट्टी खाली ठेवली नाही. ‘कागद बरोबर असतलो, ताई. पण घाटात चार माणसं बसली की ती वाजतली. गाडीक कागद वाचूक येत नाय.’

मी हसले. ते मात्र हसले नाहीत.

खंडाळ्याला जायच्या दिवशी सकाळी गाडी आणायला मी काकांबरोबर लालबागला गेले. काका समोरच्या डंखवाल्याच्या मुलीचा घसा तपासत उभे होते, तेवढ्यात मी गाडीचे झाकण उघडून पाहिले. ठिणगी केव्हा पडावी हे ठरवणाऱ्या भागावर मी खडूने एक खूण करून दिली होती. मिस्त्रींनी तो भाग खुणेच्या बराच मागे फिरवून ठेवला होता. ठिणगी उशिरा पडली की इंजिन थोडे मंद होते, पण साध्या पेट्रोलवरही सांभाळून घेते. मला न दुखावता त्यांनी माझी चूक झाकली होती.

मला त्यातली समज दिसली नाही. साहेब झाकण उघडतील आणि खूण एका जागी, तो भाग दुसऱ्या जागी पाहतील, एवढेच दिसले. मी मिस्त्रींना टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, खुणेवर आणायला सांगितले. ते म्हणाले, ‘आज ऱ्हवांदे, ताई. घाट चढून इलात की मग बघूया.’ मी म्हणाले की साहेब येणार आहेत आणि सगळे कागदाप्रमाणे असायला हवे. त्यांनी पान्हा घेतला, स्क्रू सैल केला, टायमिंग खुणेवर आणले, स्क्रू आवळला. हात त्यांचा होता. काका परत आले तेव्हा त्यांनी मिस्त्रींच्या हातात पान्हा पाहिला, एवढेच त्यांच्या लक्षात राहिले.

गाडी दादर, शीव ओलांडून अप्रतिम धावली. काका गाडी चालवत होते, शेजारी साहेब, मागे मी आणि काकांचे एक डॉक्टर मित्र. साहेब मागे वळून मला प्रश्न विचारत होते आणि मी चांगली उत्तरे देत होते. खोपोलीला पाणीसुद्धा बदलावे लागले नाही. ‘पेशंट खडखडीत बरा झाला,’ असे डॉक्टर मित्र म्हणाले.

दुसऱ्या वळणानंतर चढ तीव्र झाला आणि मला आवाज ऐकू आला. पत्र्याच्या डबीत टाचण्या हलवाव्यात तसा, बारीक आणि अगदी नियमित. तो काय आहे हे त्या गाडीत सर्वांत आधी मला कळले. काकांनी पाय थोडा सैल केला असता, तर तो थांबला असता. मला फक्त ‘काका, हळू’ म्हणायचे होते. पण हळू का, हे साहेबांनी विचारले असते.

साहेबांनी तरीही विचारलेच. ‘काही वाजतंय का?’

‘व्हॉल्व्हचा आवाज असेल,’ मी म्हणाले. ‘नवीन जुळणी आहे.’

माझ्या आयुष्यात मी जाणूनबुजून दिलेले हे पहिले खोटे शास्त्रीय उत्तर. ते दिल्यावर सुमारे मैलभर आम्ही तो आवाज ऐकत गेलो. मग एक जाड ठोका बसला, मागे निळसर धुराचा लोट उठला आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. साहेबांनी एक प्लग काढून उन्हात धरला. त्याच्या टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते. पिस्टन वितळून त्याला भोक पडले होते.

‘टायमिंग फार पुढे आहे,’ साहेब म्हणाले आणि माझ्याकडे पाहू लागले. ‘निघण्यापूर्वी तुम्ही पाहिलं होतंत?’

मी तोंड उघडले होते, एवढे मी माझ्या बाजूने लिहू शकते. पण काकांनी मध्येच सांगितले की हिचा कागद बिनचूक आहे, तुम्ही तो पाहिलाच आहे. सकाळी निघताना मिस्त्री पान्हा घेऊन काहीतरी फिरवत होते, ते आपण स्वतः डोळ्यांनी पाहिले, असे ते म्हणाले. आणि हेडही सांगितल्यापेक्षा जास्त घासले, हे मिस्त्रीच सकाळी बोलले. ‘या लोकांना किती शिकवा, शेवटी अंदाजपंचे,’ असे म्हणून त्यांनी झाकण आपटले. साहेबांनी मान हलवली. मी तोंड मिटले.

गाडी एका मालट्रकला बांधून खाली आणली. पुढच्या पंधरवड्यात मला प्रयोगशाळेचे नेमणूकपत्र आले आणि घरी पेढे वाटले गेले. चारही डॉक्टरांनी आपल्या गाड्या मिस्त्रींकडून काढून गिरगावातल्याच एका गॅरेजकडे दिल्या. ज्याने विचारले त्याला काका सांगत की लालबागच्या त्या मिस्त्रीने माझ्या इंजिनाचा घात केला. डॉक्टरांचे ऐकून आणखी कोणकोण गेले, याची मी चौकशी केली नाही. एरवी मला प्रत्येक गोष्टीची चौकशी करण्याची सवय आहे.

सुमारे चार महिन्यांनी एक हरताळ झाला. बस बंद होत्या, म्हणून प्रयोगशाळेतून परतताना मी दादरपासून गिरगावापर्यंत चालत निघाले. लालबाग टाळून दुसरी वाट धरता आली असती. ती मी मुद्दाम धरली नाही. वर्कशॉपचे दार लावलेले होते. चुन्याची अक्षरे फिकट पडली होती, कुणी गिरवली नव्हती. डंखवाल्याने सांगितले की मिस्त्री हल्ली रोज सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे असतात, बदली म्हणून. बदली म्हणजे कायमचा कामगार गैरहजर असला तरच त्या दिवसापुरते काम मिळणारा माणूस. नाही मिळाले तर परत. आज गिरणीही बंद, म्हणून ते घरीच आहेत.

ते वरच्या मजल्यावरून खाली आले, दार उघडले आणि तेच खोके फडक्याने झटकले. मी बसले नाही. मी सांगितले की चूक माझी होती, मिस्त्री, आणि मला ती त्या दिवशीच कळली होती.

‘माका ठाऊक असा,’ ते म्हणाले.

मग तुम्ही काकांना का सांगितले नाही, असे मी विचारले. हा प्रश्न मी विचारावा, याची लाज मला तो विचारून झाल्यावर वाटली.

‘तुमी बोलशात म्हणून गप ऱ्हवलंय. शिकलेली पोर, बोलतली आज ना उद्या.’ त्यांनी फळीवरून फुटका पिस्टन काढून माझ्या हातात दिला. नवे गॅरेज तो फेकणार होते. त्यांनी जाऊन मागून आणला होता. ‘डॉक्टर विचारूक इले असते तर दाखवणार होतंय. कोण इला नाय.’

मी पर्समध्ये एक कागद लिहून आणला होता. त्यात पाव सुताचा हिशोब होता, सात पूर्णांक आठ होते, टायमिंगची हकिगत होती आणि शेवटी माझी सही होती. म्हणजे मी त्या वाटेने सहज गेले नव्हते. मिस्त्रींनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. कागद इंग्रजीत होता.

‘मराठीत लिवा,’ ते दारावरच्या चुन्याच्या अक्षरांकडे बोट करून म्हणाले. ‘दारावर ता कित्या लिवलाहा मग?’

खोक्यावर बसून मी तो पुन्हा लिहू लागले, आणि माझी भाषा अडली. इंग्रजीत मी ‘दाबलेल्या गास्केटच्या जाडीविषयीच्या गृहीतकामुळे उद्भवलेली तफावत’ अशा अर्थाचे एक मोठे वाक्य केले होते. मिस्त्रींना समजेल असे ते लिहायला गेले तेव्हा एवढेच उरले: ‘मिस्त्रींनी परत मोजायला सांगितले. मी मोजले नाही. त्यांनी टायमिंग मागे ठेवले होते. मी पुढे करायला लावले.’ मिस्त्रींनी ते ओठ हलवत वाचले आणि खिशात ठेवले.

तीच वाक्ये मी काकांना सांगितली. ते स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत बसले. पोरवयात होते असे, असे म्हणाले. शिवाय मी आता चारचौघांना काय तोंड दाखवू, असेही म्हणाले. तेव्हा बाकीच्या तिन्ही डॉक्टरांकडे मीच गेले. दोघांनी गाड्या मिस्त्रींकडे परत पाठवल्या. तिसरे हसून म्हणाले की मुलीच्या जातीला दया फार. काकांनी महिन्याभराने गाडी गुपचूप लालबागला नेऊन ठेवली आणि मिस्त्रींना एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या दृष्टीने ती माफी होती. मिस्त्रींनी फाटकावर जाणे बंद केले.

एक माणूस राहिला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझा आलेख लावलेला होता. साहेब नव्या उमेदवारांना त्यासमोर उभे करून सांगत की काम असे स्वच्छ हवे; हिशोब अचूक होता, मेकॅनिकने घात केला, नाहीतर ते इंजिन आजही चालले असते. मी तिथून रोज सकाळी जात असे. गिरगावात मी ज्यांना सांगितले, त्यांना सांगून माझे काही जाणार नव्हते, हे मला त्या भिंतीजवळ रोज कळे.

एका शनिवारी सगळे गेल्यावर मी आलेखावर पेन्सिलीने एक फुली केली. सात पूर्णांक आठ, मर्यादेच्या रेघेच्या वर. शाईची बाटली हाताशी होती, तरी पेन्सिलीने. ती फुली तीन आठवडे कुणाला दिसली नाही. मग साहेबांना दिसली.

‘हा बिंदू कुणी काढला?’

मी काढला, असे सांगितले. खरा बिंदू तोच आहे, गाडी निघण्यापूर्वीच मला तो माहीत होता, आणि मिस्त्रींनी टायमिंग बरोबर ठेवले होते, मी ते बदलायला लावले. घाटातला आवाज व्हॉल्व्हचा नव्हता, हेही सांगितले. मराठी कागदावरची तीच वाक्ये. मला ती आता पाठ होती.

साहेबांनी चार टाचण्या काढल्या, आलेख दुमडून खणात टाकला आणि म्हणाले की सोमवारच्या नमुन्यांचे अहवाल दुपारपर्यंत हवेत. पुढे काही झाले नाही. माझी नोकरी गेली नाही, टेबल बदलले नाही, कुणी बोलणे टाकले नाही. मी दोन-तीन आठवडे वाट पाहिली.

मग एका सकाळी लालबागला जाऊन हे मिस्त्रींना सांगितले. ते एका गाडीखाली आडवे होते. फक्त पाय बाहेर. माझे बोलणे संपेपर्यंत पान्ह्याचा आवाज थांबला होता.

‘साहेब काय बोलले तुमका?’ त्यांनी खालूनच विचारले.

‘काही नाही. नोकरी आहे तशीच आहे.’

मिस्त्री सरकत गाडीखालून बाहेर आले आणि उठून बसले. समोरच्या डंखांची धप्‌धप् चालू होती.

‘कायच नाय?’ त्यांनी पुन्हा विचारले.